पुण्याच्या पेठांतून बायकांच्या इतिहासाची पायी फेरी करायची आहे, कुठून सुरुवात करू?

बारामतीची_लेक

नमस्कार. आमच्या महिला मंडळातल्या आम्ही सोळा जणी एका रविवारी पुण्याला यायचं म्हणतोय. सहल दरवर्षी असतेच, देवदर्शन आणि एखादी बाग असं ठरलेलं. पण या ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला हार घालून झाला, भाषणं झाली, आणि आमच्यातल्या एक काकू (वय ७१, चौथीत शाळा सुटलेली) मध्येच उठून म्हणाल्या, "ती बाई रोज अंगावर शेण झेलत शाळेला जायची म्हणता, तर कुठनं कुठं जायची ते तरी सांगा की." स्टेजवरच्या कुणालाही सांगता आलं नाही. मलाही नाही, आणि मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय. फार लाज वाटली.

म्हणून ठरवलं की तो रस्ता पायी चालायचा. नुसता सावित्रीबाईंचाच नाही, त्या पेठांमध्ये बायकांनी जे जे केलं ते जमेल तितकं बघायचं. नेटवर शोधलं तर शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ हेच पुन्हा पुन्हा येतं. भिडे वाडा पाडला असंही वाचलं, मग तिथे जाऊन बघायचं तरी काय?

आम्ही एसटीने स्वारगेटला उतरू. दोघींना गुडघ्यांचा त्रास आहे. संध्याकाळी चारपर्यंत परतीची गाडी धरायची आहे. कुणी अशी फेरी केली असेल तर कुठून सुरू करावी, काय घ्यावं, काय सोडावं ते सांगा. गाइड वगैरे नको, आम्हीच वाचून जाऊ.

कसबेकर

सुरुवात कसब्यातूनच करा. पुण्यात बायकांचा इतिहास म्हटलं की पहिलं नाव जिजाऊंचं. उजाड झालेलं पुणं त्यांनी पुन्हा वसवलं, कसबा गणपतीची स्थापना केली, सोन्याचा नांगर फिरवला. लाल महाल बघा, तिथून शनिवारवाडा पाच मिनिटांवर. मस्तानी दरवाजा दाखवा. मग दगडूशेठ आणि लक्ष्मीबाईंचं दत्त मंदिर. दोन तासांत सगळं होतं. भिडे वाड्याच्या जागी आता बघण्यासारखं काही नाही.

गंजपेठेतली

बारामतीची_लेक, तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारलेला प्रश्न मी ३१ वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवताना एकदाही वर्गात विचारला नव्हता. निवृत्त झाल्यावर विचारला, आणि त्यातूनच माझी ही फेरी सुरू झाली. गेली सहा वर्षं महिन्यातून एक रविवार मी ती करते. सोबत कधी चार जणी असतात, कधी वीस. पैसे घेत नाही.

तुम्ही स्वारगेटला उतरणार, हे फार बरं आहे. थेट गंज पेठेत या. सरकारदरबारी तिचं नाव आता महात्मा फुले पेठ आहे, पण रिक्षावाल्याला गंज पेठ, फुले वाडा सांगा. सकाळी आठच्या आत पोहोचा. २८ नोव्हेंबर, ३ जानेवारी आणि ११ एप्रिल हे दिवस टाळा. त्या दिवशी तिथे इतकी माणसं येतात की डोळे भरून येतात, पण सोळा जणींना घेऊन उभं राहून बोलता येत नाही.

वाड्यात गेल्यावर सगळ्यांना अंगणात बसवा. घाई करू नका. बहुतेक सहली इथे पंधरा मिनिटांत फोटो काढून उठतात आणि याच अंगणात काय काय झालं ते न ऐकताच जातात. ओसरीसमोर जोतिरावांची समाधी आहे, तिच्यावर तुळशी वृंदावन. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. आपल्याला मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती, खड्डाही खणून ठेवला होता, पण वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन झालं आणि अस्थी इथे ठेवल्या. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, धरायचं कुणी यावरून वाद झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि पुढे चालल्या. १८९० साली, नवऱ्याच्या प्रेतापुढे, बायको. हे सांगितल्यावर मी गप्प बसते. दर वेळी कुणी ना कुणी आपल्या घरातला प्रसंग काढतंच. स्मशानात यायचं नाही म्हणून दारातून परत पाठवलेली लेक प्रत्येक घोळक्यात असते.

मग विहिरीकडे आणि हौदाकडे न्या. १८६८ मध्ये हा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. आणि त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, इथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. त्यामागची गोष्ट तुमच्या मंडळात नीट, सावकाश सांगा. जोतिरावांच्या स्नेह्यांकडे स्वयंपाकाला एक तरुण ब्राह्मण विधवा होती. फसवली गेली, दिवस गेले, मूल झालं, लोकलाजेने तिने ते मारून विहिरीत टाकलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणाऱ्याला काही झालं नाही. त्यानंतर फुल्यांनी शहरात पत्रकं लावली की विधवांनो, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पुढे वीसेक वर्षांत ३५ जणी आल्या असं जोतिरावांनीच लिहून ठेवलंय. त्या बाळंतिणींचं सगळं करायची ती सावित्रीबाई. स्वतःला मूल नाही, आणि पस्तीस परक्या बायकांची बाळंतपणं. पाणी तापवणं, बाळंतकाढा, रात्रीची जागरणं, न्हाऊमाखू, हे सगळं मनात आणून ऐका. अशाच आलेल्या एकीचं, काशीबाईचं मूल १८७४ मध्ये त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोगी उचलून हडपसरजवळ त्याच्याच दवाखान्यात नेत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यात त्यांनाच प्लेगने गाठलं. १० मार्चला गेल्या.

इथून पुढे पायी. आता तुमच्या काकूंचं उत्तर. गंज पेठेतून बुधवार पेठेतला भिडे वाडा साधारण दीड किलोमीटर आहे. साडी नेसलेली बाई भरभर चालली तर वीस-पंचवीस मिनिटं, थांबत गेलं तर चाळीस. १ जानेवारी १८४८ ला तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंना सतरावं संपून अठरावं लागायला दोन दिवस होते, आणि त्या वयात हा रस्ता पेठांच्या मधून, ओट्यांवर बसलेल्या माणसांच्या समोरून काढायचा होता. म्हणून माझं सांगणं एकच आहे: या दोन जागांच्या मध्ये रिक्षा करू नका. हा रस्ता चालण्यासाठीच तुम्ही येताय.

माझ्या आईने हाच रस्ता ३४ वर्षं चालला. ती मंडईबाहेर पालेभाजीची पाटी घेऊन बसायची. पहाटे चारला डोक्यावर पाटी, कंबरेला पिशवी, गंज पेठेतून निघायची. मी सुट्टीत तिच्यामागे जायचे. आईला वाचता येत नव्हतं, बँकेत अंगठा लावायची. पण हिशेब असा चोख की पाव किलो मेथीची गड्डी, अर्धा किलो पालक, दोन जुड्या कोथिंबीर आणि मोडीची परत द्यायची नाणी, सगळं तोंडी. मी शिक्षिका झाले त्या दिवशी तिने पाटीवर बसूनच पेढे वाटले. मी मुलींना सावित्रीबाईंचा धडा इतकी वर्षं शिकवला आणि ती माझ्या आईच्या रस्त्याने जात होती हे मला आई गेल्यावर कळलं. म्हणून हे इतकं लांबण लावून लिहितेय.

वाटेत गुरुवार पेठ लागते. तिचं जुनं नाव वेताळ पेठ. १८५१ मध्ये बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात आणि रास्ता पेठेत शाळा निघाल्या, आणि १५ मार्च १८५२ ला इथे वेताळ पेठेत. बघायला पाटी नाही, दगड नाही. इथे मी एक पिठाची गिरणी आहे तिच्या शेजारच्या कट्ट्यावर सगळ्यांना बसवते आणि मुक्ता साळवेचा निबंध वाचते. मुक्ता फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तीन वर्षं शिकल्यावर तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ ला दोन भागांत छापून आला. त्यात ती सांगते की बाजीरावाच्या राज्यात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू करून खेळत. गुलटेकडी म्हणजे आत्ताचं मार्केट यार्ड हो, जिथून माझी आई माल आणायची. पुढे ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते, घरावर छप्पर नाही, थंडी, वारा आणि पाऊस अंगावर, आणि वाचणाऱ्याला सांगते की स्वतःवरून विचार करून पाहा.

गेल्या पावसाळ्यात माझ्याबरोबर एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, साक्षरता वर्गात शिकलेल्या. म्हणाल्या, मी वाचू का. झेरॉक्स गुडघ्यावर ठेवली, चष्मा पदराने पुसला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागल्या. जोडाक्षर आलं की थांबायच्या, ओठांतल्या ओठांत जुळवायच्या, मग मोठ्याने म्हणायच्या. एक पान वाचायला वीस मिनिटं लागली. गिरणीवाल्याने मधे गिरणी बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. तुमच्या काकू तयार असतील तर हे पान त्यांनाच वाचू द्या, वेळ लागला तरी.

पुढचं उद्या लिहिते, डोळे दुखायला लागले.

हुजूरपागेची

गंजपेठेतली ताई, वाचताना अंगावर काटा आला. पुढचा टप्पा लक्ष्मी रस्त्याचा असणार, म्हणून माझ्या शाळेबद्दल मीच सांगते.

हुजूरपागा म्हणजे हुजुरांची पागा, पेशव्यांचे घोडे बांधायची जागा. तिथे १८८० च्या दशकाच्या मध्यावर मुलींचं हायस्कूल सुरू झालं. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर ही त्यामागची मंडळी. तेव्हा मुलींना इंग्रजी, गणित कशाला, आणि अकरा ते पाच शाळेत बसल्यावर घरकाम कोण करणार अशी टीका खुद्द टिळकांच्या वृत्तपत्रांतून होत होती. आमच्या वेळी शाळेत हे कुणी सांगितलं नाही. टिळकांबद्दल आदर ठेवूनही हे सांगता येतं असं मला वाटतं, आणि सांगायला हवं, कारण त्या वर्गात बसायला त्या मुलींना केवढं बळ लागलं असेल ते त्याशिवाय कळत नाही.

इरावती कर्वे सातव्या वर्षापासून इथल्या वसतिगृहात होत्या. पुढे मानववंशशास्त्रज्ञ झाल्या, पुण्यात स्कूटर चालवत फिरायच्या. रविवारी शाळा बंद असते, तेव्हा फाटकातूनच बघावी लागेल. आत जायचं असेल तर आधी अर्ज करून ठेवा.

तिथून लक्ष्मी रस्त्यानेच पुढे सेवासदन. १९०९ सालची संस्था, रमाबाई रानडे यांची. विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिवण, शिक्षिकेचं शिक्षण आणि ससूनमध्ये नर्सिंग. माझी पणजी सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि तिथून नर्स होऊन बाहेर पडली. सोवळी बाई परक्यांची मलमूत्रं काढते म्हणून माहेरच्यांनी आठ वर्षं दार बंद ठेवलं होतं. तिची पितळी पेटी अजून माझ्याकडे आहे. त्यात थर्मामीटरची रिकामी नळी, कात्री आणि शिवणाच्या वर्गातला कापडाचा तुकडा आहे, त्यावर काजं, तुरपाई, हेरिंगबोन असे नमुने ओळीने घातलेले. शेवटचं काज इतकं बारीक आहे की सुई कुठून गेली ते भिंगातून बघावं लागतं.

बारामतीची_लेक

दोघींचे किती आभार मानू. काकूंना फोनवर वाचून दाखवलं. "दीड किलोमीटर" ऐकल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आमच्या रानापास्नं गावाएवढं." मग बराच वेळ बोलल्या नाहीत.

एक विचारते. आमच्यातल्या एकीने सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवणाऱ्या फातिमा शेख यांच्याबद्दल विचारलंय, तिची आई उर्दू शाळेत शिक्षिका होती. त्यांचं काही ठिकाण आहे का? मध्यंतरी त्या खऱ्याच नव्हत्या असंही कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं, तेव्हापासून ती दुखावली आहे.

गंजपेठेतली

त्या ताईंना हे नक्की सांगा. सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र आहे, नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं. त्या आजारी होऊन माहेरी गेल्या होत्या. भाऊ त्यांना बोल लावत होता की महारामांगांसाठी करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे, आणि त्याला त्यांनी काय उत्तर दिलं तेही त्यात आहे. त्या पत्रात, आपण पुण्यात नाही म्हणून फातिमावर सगळा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं लिहिलंय. दोन ओळी आहेत. पण शाळा चालवलेल्या बाईला त्यातून सगळं कळतं. मी रजेवर असताना माझा वर्गही घेणारी एक शेजारवर्गाची बाई होती, तिच्याबद्दल मी घरी असंच बोलायचे.

१८४९ मध्ये जोतिरावांच्या वडिलांनी या दोघांना घराबाहेर काढलं तेव्हा आसरा दिला तो फातिमाचे भाऊ उस्मान शेख यांनी, याच गंज पेठेत. घर दाखवता येत नाही. मी फुले वाड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या वळणावर उभी राहते आणि ते पत्र वाचते. तुमच्या त्या ताईंनीच वाचावं. कथा रचून वाढवायची गरज नाही, त्या दोन ओळी पुरेशा आहेत. शिवाय २९ ऑगस्ट १८६८ चंही पत्र न्या. गावातल्या एका ब्राह्मण मुलाचं आणि महार मुलीचं प्रेम जमलं, तिला दिवस गेले, गाव दोघांना मारायला निघालं, आणि सावित्रीबाईंनी मधे पडून त्यांना वाचवून जोतिरावांकडे पाठवलं. तुमच्या आमच्या भागात आजही पोरींच्या बाबतीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हे पत्र तरुण मुलींसमोर जरूर वाचा.

आता राहिलेला रस्ता.

गुरुवार पेठेतून मंडईत या. गुडघेदुखीवाल्या दोघींना इथेच भेटायला सांगा. स्वारगेटहून मेट्रोचं पुढचंच स्थानक मंडई, एका थांब्याचा प्रवास. अर्थात त्यांनाही फुले वाडा दाखवायचा असेल तर आधी रिक्षाने तिथे, मग रिक्षानेच मंडईत. मंडईची दगडी इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतिरावांनी या बांधकामाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून. आज तिला त्यांचंच नाव आहे. आत फार वेळ घालवू नका, पण बाहेर पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून काहीतरी विकत घ्या आणि दोन शब्द बोला. किती वर्षं बसता, गाव कोणतं, मुली काय शिकतात. फोटो काढायचा तर विचारून.

मंडईतून शिवाजी रस्त्याने दगडूशेठच्या दिशेने गेलं की समोरच भिडे वाड्याची जागा. कसबेकर म्हणतात तिथे बघण्यासारखं काही नाही. मला त्या शब्दांचं वाईट वाटलं, पण त्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षं कोर्टात खटला चालला, वाडा मोडकळीला आला, नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि ४ डिसेंबरच्या रात्री वाडा उतरवला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. मी ५ तारखेला सकाळी गेले होते. रस्त्यावर मातीचा वास होता, पहिल्या पावसात येतो तसा. जुन्या भिंतींची पांढरी माती सगळ्या फुटपाथवर पसरली होती आणि दर्शनाला आलेल्या लोकांच्या चपलांचे ठसे त्यात उमटत होते. मी रुमालात मूठभर बांधून आणली. पांढऱ्या मातीत भुसा असतो, तो अजून दिसतो. फेरीला येताना ती पुडी मी बरोबर ठेवते आणि त्या जागी उभं राहून सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवते, परत घेते. आपण शाळेच्या भिंतीला हात लावतोय एवढं त्यांना मिळावं म्हणून.

एक विनंती, आणि ही मी प्रत्येक घोळक्याला करते. बुधवार पेठेत मागच्या गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या बायकांची वस्ती आहे. तिथून फेरी न्यायची नाही. त्या बायकांचाही इतिहास आहे आणि तो त्यांनी सांगायचा तेव्हा सांगावा. सोळा जणींनी घोळक्याने, मोबाइल हातात घेऊन त्यांच्या दारावरून जाणं मला पटत नाही. मागे एका गटातल्या दोघी कुतूहलाने वळल्या आणि एकीने वरून खिडकी धाडकन लावून घेतली. तो आवाज माझ्या कानात राहिलाय. तेव्हापासून मी हे आधीच सांगते.

तिथून विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा. १६ नोव्हेंबर १८५२ ला सरकारतर्फे मेजर कँडीने इथे शाल देऊन जोतिरावांचा सत्कार केला, मुलींच्या शाळांसाठी. त्याच पुण्यात तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाई आल्या. विशीतली विधवा, कडेवर लेक. त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली की आमच्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून बायकांना डॉक्टर करा. त्यांची जागा या रस्त्यावर नाही, पण वाड्याच्या लाकडी दर्शनी भागासमोर सावली असते, तिथे मी हे सांगते. आणि 'स्त्री-पुरुष तुलना'बद्दलही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, पण त्यांचं पुस्तक १८८२ मध्ये पुण्यातच छापलं गेलं. एकाच वर्षात एकाच शहरात एकीने आयोगाला सुनावलं आणि दुसरीचं पुस्तक छापखान्यातून बाहेर पडलं. मला १८८२ हे साल फार आवडतं.

पुढचं हुजूरपागेची यांनी सांगितलंच आहे. सेवासदनपाशी फेरी संपवा, एक-दीड वाजेल. जेवण तिथे आसपास खूप ठिकाणी मिळतं.

कसबेकर

ताई, "बघण्यासारखं काही नाही" हे मी मागे घेतो. पण जिजाऊंना वगळून बायकांच्या इतिहासाची फेरी पुण्यात होऊच कशी शकते, हे मला अजून पटलेलं नाही.

गंजपेठेतली

दादा, वगळत नाही. जिजाऊंशिवाय पुणंच नाही. पण एका सकाळीत दोन्ही कोंबलं तर लाल महालापासून सेवासदनपर्यंत नुसती धावपळ होते आणि बायकांच्या लक्षात राहतात ते वाड्यांचे दरवाजे. कसब्यासाठी वेगळी सकाळ ठेवावी, आणि ती तुमच्यासारख्या तिथल्याच माणसाने करावी. उजाड गावात पुन्हा माणसं राहायला आणायची म्हणजे जिजाऊंनी काय काय केलं असेल, पाण्याचं, धान्याचं, भीती घालवण्याचं, ते कुणीतरी त्या गल्ल्यांतून चालत सांगायला हवं. तुम्ही सांगणार असाल तर मी पहिली येईन.

दोन_लेकींची_आई

एक अगदी साधी गोष्ट, पण कुणी लिहिली नाही म्हणून. स्वच्छतागृह. मी मुलींना घेऊन या भागात फिरले आहे आणि याच एका कारणाने अर्ध्यात परतले आहे. फुले वाड्यात निघण्यापूर्वी विचारून घ्या. नंतरचं भरवशाचं म्हणजे मंडईचं मेट्रो स्थानक. भिडे वाडा ते लक्ष्मी रस्ता या टप्प्यात एखाद्या हॉटेलात चहाला बसा आणि तिथेच उरका. पाणी पिणं टाळू नका, आपल्या बायका बाहेर पडल्या की पाणीच पीत नाहीत आणि मग डोकं दुखतं. उन्हाच्या टोप्या घ्या. चपला जुन्या, रुळलेल्या घाला.

बारामतीची_लेक

ठरलं. फेब्रुवारीतला रविवार धरलाय, पहाटेची पहिली विनाथांबा गाडी. सोळाच्या एकोणीस झाल्या, तिघींनी सुना बरोबर घेतल्या. दोन्ही पत्रं आणि मुक्ताचा निबंध मोठ्या अक्षरांत छापून आणले आहेत. काकूंनी निबंधाचं पहिलं पान घरी नेलंय, नातवाला शेजारी बसवून रोज संध्याकाळी वाचतात. "ज्ञानोदय" हा शब्द त्यांना आधी म्हणता येत नव्हता, काल फोनवर तीनदा म्हणून दाखवला.

गंजपेठेतली ताई, तुम्ही त्या दिवशी याल का? आग्रह नाही. पण त्या मातीच्या पुडीबद्दल ऐकल्यापासून सगळ्याजणी विचारताहेत.

गंजपेठेतली

येते. स्वारगेटला येत नाही, फुले वाड्याच्या दारात उभी असेन, सव्वासातपासून. जांभळी छत्री असेल. काकूंना सांगा, गिरणी रविवारी उघडी असते, मी त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवते.